तेरावा क्रमांक

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं नातवाचें प्रगतिपुस्तक आलें. पहिल्या दहांत त्याचें नांव नव्हतें. त्या रात्रीं पंगतीला कोणी फारसें बोललें नाहीं आणि मुलगा अर्ध्या जेवणावरून उठला. उभा जन्म वर्गांत क्रमांक वाचून दाखविण्यांत घालविलेल्या आम्हांस हा प्रसंग नवा नव्हता. परंतु या खेपेस तो मनास लागला. दुसरे दिवशीं नातवास जवळ बसवून जी हकीकत सांगितली, तीच आज वाचकांपुढें ठेवितों.

नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही म्हणून गांव आहे. मुलूख अवर्षणाचा. तेथील दत्तू भोकनळ यांनीं लहानपणीं वडिलांबरोबर विहिरी खणण्याची मजुरी केली. २०११ सालीं वडील वारले. २०१२ मध्यें ते सैन्यांत दाखल झाले व पुण्यास त्यांची उंची पाहून त्यांस नौकानयनाच्या शिक्षणास घेण्यांत आलें. तोंवर त्यांस पाण्याचें भय वाटे!

ही शर्यत दोन हजार मीटरांची. एकट्यानें दोन वल्हीं चालवावयाचीं. बैठक रुळांवर सरकते, म्हणून दंडाहून पायांचेंच बळ अधिक लागतें. वल्हविणाराची पाठ पुढें असते. शेवटची रेषा त्यास समोर दिसत नाहीं.

२०१५ सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत त्यांस रौप्यपदक मिळालें, आणि पुढील वर्षीं कोरियांतील चुंगजू येथें रिओ ऑलिंपिकची पात्रता. त्याच सुमारास त्यांच्या मातुश्री अपघातानें अंथरुणास खिळल्या होत्या. मुलगा कोठें निघाला हें त्यांस समजण्यासारखें नव्हतें.

रिओस उपांत्यपूर्व फेरींत ते चौथे आले. पदकाची वाट पहिल्या तिघांस मोकळी, चौथ्यास बंद. तथापि खालच्या क्रमांकांच्या शर्यती उरल्या होत्या, व त्याही त्यांनीं जीव ओतून वल्हविल्या. अखेरच्या शर्यतींत ६ मिनिटें ५४.९६ सेकंदांत ते पहिले आले. तेथील त्यांच्या सर्व फेऱ्यांत हीच वेळ सर्वांत कमी होती. एकंदर क्रमांक मात्र तेरावा!

येथें नातवानें विचारलें, "आजोबा, तेराव्यास कांहीं बक्षीस असतें का?"

"नाहीं," आम्हीं म्हणालों.

"मग ते एवढ्या जोरानें कां वल्हवले?"

यावर तत्काळ उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. म्हणून पुढील भाग सांगितला. २०१८ सालीं इंडोनेशियांत पालेम्बांग येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत प्रकृति बिघडल्यामुळें एकट्याच्या शर्यतींत ते सहावे, म्हणजे शेवटचे आले. दुसऱ्याच दिवशीं सवर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासह चौघांच्या नावेंत बसून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांस लाभला.

"म्हणजे शेवटचा आल्यावर दुसरे दिवशीं पुन्हां नावेंत बसले," नातू स्वतःशींच म्हणाला, आणि जेवावयास उठला.

क्रमांक खोटा नसतो. तो लपवूंही नये. परंतु ज्या घरांत मुलास प्रथम "कितवा आलास?" हेंच विचारलें जातें, तेथें दुसऱ्या दिवशींची नाव रिकामी राहण्याचें भय असतें. हा दोष आमच्याकडून पुष्कळ वर्षें घडला. वाचकांनीं तो आपल्या घरीं तपासून पाहावा, एवढीच विनंति.