टप्प्याचा हिशेब

दिवाळीच्या दिवसांत भिवंडीच्या एसटी स्टँडवर वाड्याची गाडी फलाटाला लागते न लागते, तोच खिडक्यांतून रुमाल आणि पिशव्या आत जातात. ज्याचा रुमाल त्याची जागा! हीच गाडी नदीनाका ओलांडून शेलारवरून अंबाडी, कुडूसकडे जाते. यंदाचा आमचा अंक या एसटीला वाहिला आहे.

1 जून 1948 रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. त्याआधीच्या खासगी सर्व्हिस मोटारी बहुधा भरल्याशिवाय हलत नसत. एसटीने वेळापत्रक आणले आणि भाडे टप्प्यावर बांधले. सहा किलोमीटरचा एक टप्पा. सावकार असो वा मजूर, दर एकच. गाडीत आमदारांसाठी आसन राखीव असते. त्यावर बहुतेक वेळा बाजारहाट करून आलेली एखादी मावशी बसलेली दिसते, हे आम्हाला लोकशाहीचेच लक्षण वाटते.

शेलार जनगणनेच्या लेखी शहर, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. इथला माणूस घाईत शेअर रिक्षा धरतो. पण रिक्षा भाडे असेल तिकडेच वळते. आडवाटेच्या पाड्यावरून शाळेला निघालेल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो, तो एसटीचाच. 2021च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढे कित्येक महिने गाड्या आगारात उभ्या राहिल्या, तेव्हा अशा घरांचे किती अडते ते सगळ्यांनी पाहिले.

ऑगस्ट 2022पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च 2023पासून महिलांना अर्धे तिकीट. भाऊबीजेला माहेरी निघालेल्या बहिणीला याचे मोल विचारा! पण सवलतीने गर्दी वाढली की गाड्याही वाढायला हव्यात; नाहीतर अर्ध्या तिकिटात मिळते ते दांड्याला लटकणे. सवलत जाहीर करते सरकार. तिची भरपाई महामंडळाला वेळच्या वेळी मिळाली नाही, तर तो बोजा तोट्याच्या नावाने एसटीच्याच माथी बसतो. जानेवारी 2025मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. वाढीव पैसे मोजणाऱ्या प्रवाशाला वेळेवर सुटणारी, धड गाडी मागण्याचा हक्क आहे. रस्ते आणि शाळा नफ्यासाठी बांधत नाहीत. गावची फेरीही त्याच वहीत मांडली पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही ड्युटीवर असणाऱ्या चालक-वाहकांना आणि सर्व वाचकांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक