शिपायाची किंमत किती?

मेजावर शिशाचे रंगविलेले शिपाई मांडून नेपोलियनच्या काळांतील लढाया खेळणें ही पाश्चात्य देशांत प्रौढ माणसांची जुनी करमणूक आहे. एच. जी. वेल्स या विख्यात ग्रंथकारानें १९१३ सालीं असल्या खेळाच्या नियमांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. खेळ निरुपद्रवी आहे, इतकेंच नव्हे तर इतिहास डोळसपणें वाचावयास लावणारा आहे, असें आमचें मत आहे. आणि म्हणूनच त्यांत शिरलेल्या एका रूढीविरुद्ध लेखणी उचलणें आम्हांस अवश्य वाटतें. ही रूढि म्हणजे प्रत्येक शिपायास कायमची किंमत ठरवून देण्याची. या किंमतीच्या मापास खेळाडू ‘पॉइंट’ म्हणतात. शाही रक्षकदलाचा ग्रेनेडियर महाग, साध्या पायदळाचा शिपाई मध्यम, नवशिका मिलिशियावाला स्वस्त. दोघां प्रतिस्पर्ध्यांनीं समजा हजार पॉइंटांचा करार करावयाचा, कोष्टक उघडावयाचें, आणि मंडईंत भाजी घ्यावी तसें आपापलें सैन्य विकत घ्यावयाचें. दोहींकडची बेरीज सारखी आली कीं सामना न्याय्य झाला, असें मानावयाचें!

या रूढीचे कैवारी बुद्धिबळाचा दाखला देतात. प्यादें एक, घोडा आणि उंट प्रत्येकीं तीन, हत्ती पांच, वजीर नऊ, ही किंमत सर्वमान्य नाहीं काय? आहे, परंतु ती खेळाच्या नियमांत कोठेंच लिहिलेली नाहीं. तो खेळणाराचा अंदाज आहे. सातव्या घरांत पोंचलेलें प्यादें एकाच्या भावानें कोणी विकीत नाहीं, आणि मात होत असेल तर वजीर देऊन टाकण्यास कसलेला खेळाडू कचरत नाहीं. शिवाय बुद्धिबळाचा पट नेहमीं तोच, चौसष्ट घरांचा. रणभूमि तशी नसते. उघड्या माळावर चिलखती घोडदळास जी किंमत, ती चिखलांत व गल्लीबोळांत कशी राहणार? भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यांतील टर्नरास विचारा कीं, लेथ मोलाचा कीं ड्रिलिंगचें यंत्र मोलाचें. तो उलट तुम्हांसच विचारील, ‘काम कोणतें?’ हा प्रश्न टर्नरास सुचतो आणि कोष्टककारांस सुचत नाहीं, हेंच आमच्या तक्रारीचें मूळ आहे.

या प्रश्नाचें महत्त्व पाहण्यास दूर जावयास नको. भोसरीहून नाशिकच्या रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे चाकण लागतें. आज तें मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु गांवांत संग्रामदुर्ग या भुईकोटाचे अवशेष अद्याप आहेत. १६६० सालच्या जूनमध्यें शाएस्तेखानाच्या अफाट फौजेनें या लहानशा कोटास वेढा घातला. आंत फिरंगोजी नरसाळा व त्याची कांहीं शें माणसांची शिबंदी. डोंगराचा आधार नाहीं, बाहेरून कुमक नाहीं. तरीही ऐन पावसाळ्यांत सुमारें पंचावन्न दिवस कोट लढला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच, ऑगस्टच्या मध्यास, पडला. मोगलांची हानि जदुनाथ सरकारांनीं २६८ ठार व ६०० जखमी अशी दिली आहे. आतां या लढाईचा हिशेब कोष्टकवाल्यांनीं करावा. त्यांच्या रीतीनें हा सामना मांडतांच येत नाहीं, कारण पारडीं कधींच समान होत नाहींत. आणि मांडलाच, तर फिरंगोजी हरला. परंतु शत्रूनें त्यास चाकरी देऊं केली आणि महाराजांनीं त्याचा गौरव केला. दोघांनींही ओळखलेली ही किंमत कोष्टकास दिसत नाहीं. कारण फिरंगोजीच्या कामाचें माप जमिनींत नव्हतें, दिवसांत होतें. पुढें १६७९ सालीं हाच फिरंगोजी भूपाळगडावर असतां दिलेरखानाच्या फौजेंत खुद्द संभाजीराजे समोर आले, तेव्हां युवराजावर तोफ डागण्यास त्याचा हात धजला नाहीं, अशी परंपरा आहे. माणूस तोच, निष्ठा तीच. सांगा, किती पॉइंट?

चाकण नेपोलियनच्या दीडशें वर्षें आधींचें, असें कोणी म्हणेल. तर मग स्पेनमधील सारागोसा घ्या. १८०८ सालचा पहिला वेढा त्या शहरानें परतवून लावला. दुसऱ्यांत, १८०९ च्या फेब्रुवारींत पडण्यापूर्वीं, शेतकरी व नागरिक घराघरांतून लढले. स्पॅनिश शिपाई मात्र कोष्टकांत साधारणतः तळाशींच आढळतो!

येथें आमचा मुख्य आक्षेप येतो. या किंमती केवळ बंदुकीच्या व कवायतीच्या नसतात. राष्ट्राच्या आणि जातीच्याहि असतात. अमका देश धिमा, तमका उतावळा, ‘एतद्देशीय’ म्हणून लिहिला तो स्वस्त. शिंद्यांच्या कवायती कंपूंचें काय करणार? २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें त्यांच्या तोफांपुढें वेलस्लीचीं दीड हजारांहून अधिक माणसें ठार व जखमी झालीं. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला लासवारीस, युरोपियन अधिकारी सोडून गेले असतांहि, शिंद्यांच्या पलटणी अशा लढल्या कीं जनरल लेकनें स्वतःच्या पत्रांत त्यांच्या शौर्याची कबुली दिली. जन्मावरून किंमत ठरविण्याचा हा रोग मेजापुरताच राहिला असता तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु इंग्रज सरकारनें ‘लढाऊ जातीं’चें असेंच एक कोष्टक खरोखर चालविलें, आणि मुंबईच्या पलटणींत पिढ्यानपिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यापायीं बंद झाली. महायुद्धांत माणसांची गरज लागली तेव्हां दारें उघडलीं, आणि १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली. माणसें तींच होतीं. फक्त कोष्टक बदललें.

सेनापतीची किंमत तर विचारूंच नये. नेपोलियनचें रणांगणावर असणें चाळीस हजार माणसांच्या तोडीचें, असें वेलिंग्टन म्हणत असे. हा भाव खरा धरला, तर बादशहास विकत घेणाऱ्या खेळाडूस हाताखालीं एक तंबूर वाजविणारा पोऱ्याहि परवडणार नाहीं.

‘दोन अपरिचित खेळाडूंनीं समान अटींवर खेळावयाचें तरी कसें?’ हा आमच्या विरोधकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उत्तरहि आहे. प्रशियांत राइसविट्झ यानें १८२४ सालीं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यांत बेरजा समान करण्याचा प्रश्नच नव्हता. पंच प्रसंग सांगे, प्रत्येक पक्षास कामगिरी देई, आणि ती कितपत पार पडली हें पाही. तेंच करावें. एका पक्षास मोठी फौज, दुसऱ्यास मोडका कोट व मूठभर शिबंदी द्यावी. कोट किती फेऱ्या टिकला हें लिहून ठेवावें. मग पक्ष बदलून तोच प्रसंग पुन्हां खेळावा. ज्यानें कोट अधिक वेळ राखला, तो जिंकला. यांत न्याय आहे, आणि इतिहासहि आहे.

पॉइंटांचें कोष्टक घाईच्या वेळीं ढोबळ अंदाजापुरतें कोणी वापरलें तर आमची हरकत नाहीं. परंतु समान बेरजेलाच युद्ध समजणारा तरुण खेळाडू चाकणच्या पडक्या तटापाशीं उभा राहिला, तर त्यास तेथें एका पराभवापलीकडे कांहींच दिसणार नाहीं. शिशाच्या शिपायाची किंमत दुकानदारानें खुशाल ठरवावी. ज्याच्या नांवानें तो मेजावर उभा केला आहे, त्याची किंमत त्यानें केलेल्या कामावरूनच ठरली पाहिजे.