विलायती चांदीवरील ठसे

एका वाचकभगिनींनीं आम्हांस कळविलें आहे कीं, त्यांना एक जुनी विलायती किटली चांदीच्या भावानें देऊं केली आहे. बुडावरील चार ठशांची नक्कल पाठवून त्या विचारतात कीं, हा सौदा करावा काय?

इंग्लंडांत चांदीच्या शुद्धतेची ग्वाही घडविणाऱ्या सोनारानें द्यावयाची नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. इ. स. १३०० च्या कायद्यानें हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी हा कस ठरला. १४७८ पासून लंडनचा माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्यें नेऊन तपासला जाऊं लागला. त्यावरून ‘हॉलमार्क’ हें नांव पडलें.

इंग्रजी भांड्यावर प्रथम पंजा उचलून चालणारा सिंह शोधावा. १५४४ पासूनची ही कसाची खूण. १६९७ ते १७२० या काळांत मात्र कस वाढविल्यामुळें सिंहाऐवजीं ब्रिटानियाची मूर्ति आढळते. दुसरी खूण गांवाची: बिबळ्याचें मुख लंडनचें, नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट १९७५ पूर्वींच्या शेफील्डचा. तिसरें, वर्षाचें अक्षर. तींच अक्षरें फिरून येतात, म्हणून अक्षराचें वळण व चौकटीचा आकार कोष्टकाशीं ताडून पाहावा. चौथीं, कारागिराचीं आद्याक्षरें. राजाचें वा राणीचें मुख असल्यास तो १७८४ ते १८९० मधील कर भरल्याचा ठसा होय.

फसगत होते ती येथेंच. १८४० नंतर विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याची कला पसरली आणि तशा भांड्यांवर ई, पी, एन, एस हीं रोमन अक्षरें निरनिराळ्या चौकटींत, थेट हॉलमार्कच्या थाटानें उमटविलीं जाऊं लागलीं. आंतील धातूस ‘निकेल सिल्व्हर’ म्हणतात खरें. पण त्यांत तांबें, जस्त व निकेल असतें, चांदी मुळींच नसते. दुसरी लबाडी अधिक सूक्ष्म आहे. मोडक्या चमच्यावरचे खरे ठसे कापून मोठ्या भांड्यास डाकानें जोडतात. ठशांवर तोंडाची वाफ सोडली असतां सांध्याची रेघ पुष्कळदां दिसून येते.

आमच्या भगिनींच्या नकलेंत सिंह नाहीं, मूर्ति नाहीं. आहेत तीं हींच चार अक्षरें. किटली आवडली असेल तर मुलाम्याच्या किंमतीस खुशाल घ्यावी. तींत चहा कांहीं कमी गोड लागणार नाहीं. चांदीचा भाव मात्र देऊं नये. विकणारा सज्जन असेलही, आणि कदाचित् तोहि फसला असेल; म्हणूनच माणसाच्या शब्दापूर्वीं ठसा वाचावा.