चित्रफीतही बखरच असते : फ्रान्सची रेल्वे, महायुद्ध आणि ‘दुर्मीळ दृश्यां’चा बाजार

१/
७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सची एक आगगाडी येऊन थांबली. आली ती पांढऱ्या पडद्यावर. ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांच्या त्या पहिल्या खेळात ‘गाडीचे आगमन’ हे एक दृश्य होते. चलत्चित्र आणि आगगाडी यांची सोयरीक अशी आरंभापासूनची आहे. आणि त्या सोयरिकीला चिकटलेली दंतकथाही जवळजवळ तितकीच जुनी.

२/
दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे : पडद्यावरचे इंजिन अंगावर येते असे वाटून पॅरिसचे प्रेक्षक किंचाळत पळाले. या पळापळीला समकालीन, भरवशाचा पुरावा नाही. २८ डिसेंबर १८९५ च्या पॅरिसमधील पहिल्या सशुल्क खेळात तर हे दृश्य नव्हतेच. ला सिओता स्थानकाची जी प्रत आज सर्वत्र फिरते ती १८९७ च्या उन्हाळ्यातील मानली जाते, आणि तिच्यातील फलाटावर ल्युमिएर कुटुंबातीलच माणसे वावरताना दिसतात.

३/
ही गंमत निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. पण हाच भाबडेपणा आपण महायुद्धाच्या चित्रफितींपुढे घेऊन बसतो तेव्हा तो निरुपद्रवी राहत नाही. ‘दुर्मीळ फुटेज’ असा मथळा, कृत्रिम रंग, मागून करुण संगीत, आणि खाली एका ओळीत ना स्थळ, ना काळ, ना चित्रण करणाऱ्याचे नाव. माझा आक्षेप स्पष्ट आहे : अशा फिती इतिहास दाखवत नाहीत, त्या इतिहास बुजवतात.

४/
मराठी इतिहासाच्या वाचकाला हे मुळाक्षरांपासून शिकवावे लागू नये. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींतील चुका उलगडून दाखवल्या आणि अस्सल पत्रांचे मोल ठसवले. बखर केव्हा लिहिली, कोणी लिहवून घेतली, कोणासाठी, हे विचारल्याविना आपण तिच्यावर विसंबत नाही. मग चित्रफितीलाच ही सूट कशासाठी? केवळ ती हलते म्हणून?

५/
पहिले उदाहरण कॉम्पिएन्यच्या अरण्यातले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी मार्शल फॉश यांच्या ज्या रेल्वेडब्यात जर्मनीने शस्त्रसंधीवर सही केली, तोच डबा हिटलरने जून १९४० मध्ये संग्रहालयातून बाहेर काढवून त्याच जागी उभा केला. २२ जून रोजी फ्रान्सने त्यात सही केली. सारे काही जर्मन कॅमेऱ्यांनी टिपले, कारण टिपले जावे यासाठीच ते मांडले होते.

६/
या प्रसंगाबरोबर हमखास जोडली जाणारी ‘हिटलर आनंदाने नाचला’ ही फीत मात्र कॉम्पिएन्यची नव्हेच. फ्रान्सने शस्त्रसंधी मागितल्याची वार्ता आली त्या वेळी बेल्जियममधील ब्रुली-द-पेश येथील तळावर ती चित्रित झाली. हिटलरने एकदाच पाय उचलून आपटला होता. दोस्त राष्ट्रांच्या प्रचारकांनी त्याच चौकटी पुन:पुन्हा जोडून त्याचा नाच केला. मूळ फीत खरी, कापाकापी खोटी. आणि जगाच्या स्मरणात राहिली ती कापाकापी.

७/
आणि तो डबा? जर्मनीत नेलेला मूळ डबा १९४५ मध्ये जळून नष्ट झाला. कॉम्पिएन्यच्या संग्रहालयात आज उभा आहे तो त्याच मालिकेतील दुसरा डबा, जुन्या डब्याचा क्रमांक घातलेला. संग्रहालय ही गोष्ट लपवत नाही. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणण्यात कमीपणा नसतो. अस्सल म्हणून खपवण्यात असतो. माझे भांडण एवढ्याच फरकासाठी आहे.

८/
आता मुख्य प्रकरण. फ्रेंच रेल्वे कामगार रूळ उखडत आहेत, जर्मन सैन्याची गाडी कड्यावरून कोसळत आहे, ओलिसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या जात आहेत आणि इंजिनांच्या शिट्या आक्रोश करीत आहेत. ही दृश्ये ‘प्रतिकार चळवळीचे अस्सल चित्रण’ म्हणून फिरतात. ती आहेत रने क्लेमाँ यांच्या ‘ला बाताय द्यू राय’, म्हणजे ‘रुळांची लढाई’, या कथापटातली.

९/
हा चित्रपट १९४५ मध्ये, फ्रान्स मुक्त झाल्यानंतर, चित्रित झाला आणि १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. प्रतिकार चळवळीतील रेल्वे कामगार आणि फ्रेंच राष्ट्रीय रेल्वे अशा दोहोंचे सहकार्य त्याला होते. खरे कामगार त्यात भूमिका करीत होते. खरी गाडी खरोखर रुळांवरून घसरवून अनेक कॅमेऱ्यांनी टिपली होती. उतारावरून घरंगळत जाणारा तो अकॉर्डियन विसरता येत नाही. कान महोत्सवाने त्याच वर्षी त्याला गौरवले, आणि योग्यच केले.

१०/
चित्रपट उत्तम आहे. माझे त्याच्याशी वैर नाही. परंतु तो बखर आहे. घटना घडून गेल्यावर, विजयी पक्षाच्या समाधानासाठी, यजमानाच्या साहाय्याने रचलेली बखर. तिच्यात जवळजवळ प्रत्येक रेल्वे कामगार वीर आहे. ‘अस्सल चित्रण’ म्हणून तिचे तुकडे वाटणारा माणूस नकळत यजमानाचा भाट होतो.

११/
कारण याच रुळांवरून दुसऱ्याही गाड्या धावल्या. २७ मार्च १९४२ रोजी पहिली गाडी ऑशविट्झकडे निघाली. द्रांसी आणि कॉम्पिएन्य येथील छावण्यांतले ज्यू कैदी तिच्यात होते, आणि डबे होते तिसऱ्या वर्गाचे प्रवासी डबे. पुढे मालडबे आले. १९४४ पर्यंत फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंची हद्दपारी झाली. जिवंत परतले ते सुमारे अडीच हजार. रेल्वेवर जर्मनांची हुकमत होती हे खरे. पण फ्रान्सच्या भूमीवर त्या गाड्या फ्रेंच रेल्वेने चालवल्या, हेही तितकेच खरे.

१२/
याचे चित्रण कोठे आहे? १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी पॅरिस व परिसरातून सुमारे १३,००० ज्यू पकडले. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. कुटुंबांना ‘वेल दिव्ह’ या सायकल-शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागारात कोंडले गेले. या प्रसंगाचे एकही चलत्चित्र ज्ञात नाही. ज्ञात छायाचित्र एकच, क्रीडागाराबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्यांचे.

१३/
क्रीडागाराच्या आतील गर्दीचे एक छायाचित्र ‘वेल दिव्हची धरपकड’ म्हणून अनेक वर्षे छापले जात होते. इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्ड यांनी दाखवून दिले की त्यातले लोक १९४४ मध्ये, मुक्तीनंतर, जर्मनांशी हातमिळवणी केल्याच्या संशयावरून पकडलेले होते. बळींच्या जागी त्यांच्या छळकर्त्यांच्या साथीदारांचे, निदान तसा संशय असलेल्यांचे, चित्र! निष्काळजी मथळा काय करू शकतो याचे यापेक्षा भीषण उदाहरण मला ठाऊक नाही.

१४/
मग ‘फ्रान्समधून निघालेल्या मृत्यूगाड्या’ म्हणून जे हलते चित्र दाखवले जाते ते कुठले? बहुधा नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क छावणीतले, १९४४ चे. छावणीप्रमुखाच्या आज्ञेवरून रुडॉल्फ ब्रेसलाउअर या ज्यू कैद्याने ते टिपले. पुढे त्यालाही ऑशविट्झला पाठवण्यात आले. तो परतला नाही. मालडब्याच्या दारातून डोकावणारी, डोक्याला फडके बांधलेली ती मुलगी अनेक दशके ‘ज्यू मुलगी’ म्हणून जगभर ओळखली गेली. १९९४ मध्ये तिचे नाव उमगले : सेटेला स्टाइनबाख. ती सिंती समाजाची होती.

१५/
हे कसे उमगले, ते पाहा. त्याच फितीत एका स्त्रीच्या पेटीवर तिचे नाव आणि जन्मतारीख दिसते. ते छावणीच्या नोंदींशी ताडले, आणि गाडीची तारीख ठरली : १९ मे १९४४. त्या दिवशी कोण कोण गेले, याचा शोध त्यातून पुढे सरकला. फीत एकटी बोलली नाही. कागदाने तिला बोलते केले. ‘दुर्मीळ फुटेज’वाल्यांनी तीच फीत रंगवली, लांबी कापली, आणि पेटी चौकटीबाहेर गेली तरी त्यांना फिकीर नव्हती.

१६/
कधी चित्रात काय दिसू नये हे सरकार ठरवते. अलँ रेने यांच्या १९५५ मध्ये तयार झालेल्या ‘रात्र आणि धुके’ या माहितीपटात पिथिव्हिये छावणीचे एक छायाचित्र आहे. पहाऱ्यावरच्या माणसाच्या डोक्यावर फ्रेंच पोलिसाची टोपी ओळखू येत होती. परीक्षण मंडळाच्या हट्टापायी त्या टोपीवर तुळईसारखा पट्टा रंगवावा लागला. एक टोपी झाकली की अख्खे शासन झाकले जाते. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली ती १९९५ मध्ये. रेल्वेच्या अध्यक्षांनी बोबिन्यी येथे खेद व्यक्त केला तो २०११ मध्ये.

१७/
प्रतिवाद ठाऊक आहे : ‘भावना तर खरी आहे ना? मग चित्र कुठले का असेना!’ हा युक्तिवाद वरवर दयाळू आहे, पण परिणामाने क्रूर. चुकीचे चित्र उघडकीस आले की हत्याकांड नाकारणारे तेच बोटाने दाखवतात : ‘पाहा, चित्र खोटे, म्हणजे घटनाही खोटी.’ आपल्या आळसाने आपण त्यांच्या हाती शस्त्र देतो. दुसरा प्रतिवाद : ‘मग सगळीच चित्रे खोटी म्हणायची का?’ मुळीच नाही. राजवाड्यांनी बखरी जाळल्या नाहीत; त्यांची तपासणी केली.

१८/
वीरांवरही याने अन्यायच होतो. फ्रान्समध्ये अडीच हजारांहून अधिक रेल्वे कामगार दडपशाहीत बळी पडले. ३१ ऑक्टोबर १९४२ रोजी मोंतोबां येथे लेओं ब्रोंशार या इंजिनचालकाने राजकीय कैद्यांची गाडी नेण्यास नकार दिला. त्या क्षणी तेथे कॅमेरा नव्हता. सगळेच वीर होते असे दाखवल्यास ब्रोंशारचा नकार किती एकाकी होता, हे कोणाला कळावे?

१९/
क्लार्सफेल्ड यांनी १९७८ मध्ये फ्रान्समधून हद्दपार झालेल्या ज्यूंचा स्मृतिग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गाडीगणिक याद्या आहेत : नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ. ना संगीत, ना रंग. टंकलिखित याद्यांवरून उभे राहिलेले ते पुस्तक उघडून एका गाडीची एकच यादी सावकाश वाचा. कोसळणाऱ्या गाडीचे कोणतेही दृश्य त्या शांततेची बरोबरी करू शकत नाही.

२०/
म्हणून, मित्रहो, पुढच्या वेळी ‘दुर्मीळ फुटेज’ समोर आले तर पुढे धाडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. कॅमेरा कोणाच्या हाती होता? कोणाच्या परवानगीने? चित्रण घटनेच्या वेळचे की नंतरचे? आणि ज्याचे चित्रणच झाले नाही असे याच रुळांवर काय घडले? पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर ती फीत जिथे आहे तिथेच राहू द्या. चौथ्याचे उत्तर मात्र फितीत कधीच सापडणार नाही. त्यासाठी कागदांकडे जावे लागते.

(थ्रेड समाप्त. आक्षेप असतील तर पुराव्यासह जरूर मांडा. चूक दाखवाल तर दुरुस्ती याच थ्रेडखाली जोडली जाईल.)