जुन्या डिझेल गाडीचे वय आणि तिची प्रकृती

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असूनही ज्या गावाला आजवर रेल्वेचे दर्शन घडलेले नाही, अशा बुलढाण्यात वाहनाचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न होऊच शकत नाही. लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालून निघून जातो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही गावे घाटावर राहतात. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी कित्येक दशके निवेदनांतून आणि सर्वेक्षणांतून फिरत आहे. अशा जिल्ह्यात शिक्षकाचे बिऱ्हाड तालुक्याच्या गावी, शाळा वीस मैलांवरच्या खेड्यात आणि वृद्ध आईवडील तिसऱ्याच ठिकाणी, हे चित्र घरोघरी दिसते. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही आणि काळी-पिवळीत दाटीवाटीने बसण्याचे वय उलटून गेलेले असते. मग भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून एखादी जुनी मोटार दारात येते. ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते, आणि बहुधा डिझेलवर चालणारी असते.

या गाड्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आता जिल्ह्यातील हजारो घरांपुढे उभा आहे. त्याचा विचार ना केवळ मालकाच्या सोयीने करता येईल, ना केवळ सरकारी परिपत्रकाच्या भाषेत.

डिझेलचा आणि आपल्या ग्रामीण जीवनाचा संबंध मोटारीहून जुना आहे. १९४६ मध्ये खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात विहिरीवरचे इंजिन हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला घरच्या बैलजोडीइतकेच परिचित झाले. खेड्यातील फिटरने आपले पहिले धडे या इंजिनावर गिरवले. त्यानंतर जीप आली, टेम्पो-ट्रॅक्स आली, १९९४ मध्ये सुमो आली. परंतु ही वाहने मुख्यतः भाड्याची किंवा सरकारी कामाची. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातील डिझेल मोटार खऱ्या अर्थाने अवतरली ती १९९८ च्या अखेरीस, पुण्याच्या कारखान्यातून निघालेल्या इंडिकाच्या रूपाने. त्या वेळी डिझेलचा भाव सरकारच्या नियंत्रणाखाली होता. २०१२ च्या सुमारास तर पेट्रोल आणि डिझेल यांच्या किमतीत लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक अंतर पडले होते. भाव कमी आणि एका लिटरमध्ये अंतर अधिक, असा दुहेरी लाभ असल्यावर नोकरदार माणूस डिझेलकडे वळला यात नवल ते कोणते? ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले आणि ते अंतर बरेच आटले. तथापि त्यापूर्वी विकत घेतलेल्या गाड्या नाहीशा झाल्या नाहीत. शहरातील पहिल्या मालकाने त्या विकल्या आणि त्या आपल्याकडे आल्या.

वयाची शिक्षा

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी १०,००० रुपये ठरविण्यात आले. याखेरीज राज्याचा पर्यावरण कर आहेच, आणि तो डिझेल मोटारीस पेट्रोल मोटारीपेक्षा अधिक पडतो. दिल्लीत तर याहून पुढची मजल गाठली गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना तेथे बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली.

पाच वर्षांसाठी पाच हजार, म्हणजे सालाचे हजार रुपये. ही रक्कम मोटार बाळगणाऱ्यास असह्य आहे असे म्हणता येणार नाही. आक्षेप रकमेवर नसून तत्त्वावर आहे. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची गाडी २००९ सालची. तिच्या डिक्कीत एक वही असते. कोणत्या तारखेस किती किलोमीटरवर ऑइल बदलले, डिझेलचा फिल्टर केव्हा बदलला, नोजल केव्हा तपासून घेतले, हे सारे हजेरीपटाइतक्या नेटकेपणाने तीत लिहिलेले आहे. गाडी महिन्यातून चार-सहा वेळा बाहेर पडते. त्याच आळीत त्याच सालची दुसरी एक डिझेल गाडी आहे. ती रोज दीडशे किलोमीटर धावते आणि सुरू झाली की समोरच्या घराच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. या दोन्ही गाड्यांना शुल्क एकच, कर एकच आणि कागदावरचे प्रमाणपत्रही एकच. एकाच इयत्तेतील सर्व विद्यार्थ्यांना, पेपर न तपासता, केवळ त्यांच्या जन्मतारखेवरून गुण द्यावेत, तसला हा प्रकार होय.

धुराचे सत्य

परंतु येथेच थांबून सरकारला दोष देत बसणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डिझेलचा धूर घातक आहे, हे आता मताचा विषय राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केला. जुन्या गाड्या या बाबतीत नव्यांची बरोबरी करू शकत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानुसार बनलेल्या डिझेल मोटारीत काजळीचे सूक्ष्म कण अडविणारी गाळणी असते; आपल्या दारातील जुन्या गाडीत ती नाही आणि सहजासहजी बसविताही येत नाही. तेव्हा ‘माझी गाडी नव्यासारखी आहे’ हा मालकाचा अभिमान वास्तवाला धरून नाही. त्याला एवढेच म्हणता येईल, की ती जेवढी चांगली राहू शकते तेवढी मी तिला ठेवली आहे. दुर्दैवाने असे छातीवर हात ठेवून म्हणू शकणारे मालक थोडेच आहेत.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारण वीसपट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि नेमक्या क्षणी नोजलमधून बारीक फवारलेले डिझेल तीत आपोआप पेट घेते. या एका गोष्टीत देखभालीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. हवा पुरेशी हवी, फवारा बारीक हवा, क्षण अचूक हवा आणि दाब टिकून राहावयास हवा. यांपैकी काय चुकले, ते धूरच सांगतो. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा डिझेल अधिक. अशा वेळी प्रथम एअर फिल्टर पाहावा. मार्च ते जून या काळात आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर तो किती लवकर तुंबतो, हे सांगावयास नको. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खात आहे. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल पुरते जळत नाही किंवा पाणी आत शिरत आहे. डिझेलमध्ये मिसळलेले पाणी पंप आणि नोजल यांचा शत्रू. म्हणून फिल्टरखाली साचलेले पाणी वेळोवेळी सोडून देणे ही पाच मिनिटांची गोष्ट पुढचा हजारो रुपयांचा खर्च वाचविते.

तिसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूरचा घाट, खामगावकडे बोथ्याचा घाट. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे महाभाग आजही आढळतात. जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनाच्याच गतीवर चालतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. इंजिन बंद झाले की एक-दोन वेळा ब्रेक दाबल्यानंतर पायाखाली दगड लागल्यासारखे होते. त्याचप्रमाणे जिल्ह्याच्या घाटावरील तालुक्यांतून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. सुकून कडक झालेले टायर आणि गंजलेला रेडिएटर घेऊन भर उन्हाळ्यात त्या सिमेंटच्या रस्त्यावर नव्या गाड्यांशी स्पर्धा करणे म्हणजे स्वतःबरोबर इतरांचेही प्राण पणाला लावणे होय. जुन्या गाडीच्या मालकाने तिचा वेगही तिच्या वयाला शोभेल असाच ठेवला पाहिजे.

कागदी तपासणीचा प्रश्न

मालकाचे कर्तव्य सांगून झाल्यावर शासनाच्या कर्तव्याकडे वळावे लागते. डिझेल गाडीच्या धुराची तपासणी करण्याची पद्धत कायद्याने ठरवून दिलेली आहे. गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावयाचा आणि धुराची दाटी यंत्राने मोजावयाची. बीएस-४ च्या गाडीस ही मर्यादा ५० एककांची आहे, त्याहून जुन्या गाडीस ६५ ची. नियम उत्तम आहे. पण व्यवहार कसा चालतो? स्वतः मी एका पीयूसी केंद्रावर गेलो असता गाडीचे बॉनेट उघडले गेले नाही, की नळी धुराड्यात घातली गेली नाही. क्रमांकाचे छायाचित्र निघाले, पैसे दिले आणि प्रमाणपत्र हाती पडले. मी तक्रार केली नाही, हाही माझाच दोष. ज्या परीक्षेत सारेच उत्तीर्ण होतात ती परीक्षा नव्हे, हे शिक्षकाला कोणी सांगावयास नको. परीक्षा खरी नसली, म्हणजे मग परीक्षकाला जन्मतारखेचा आधार घ्यावा लागतो. वयावर आधारलेले कडक नियम हे फसलेल्या तपासणीचे अपत्य आहे, असे माझे मत आहे.

या बाबतीत दिल्लीच्या प्रकरणाचा पुढील भाग उद्बोधक आहे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून वाहनमालकांवर कठोर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. म्हणजे विचाराचा काटा वर्षांच्या गणनेवरून मानकाकडे सरकला. त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकून तो प्रत्यक्ष धुराकडे सरकावा, एवढेच येथे मागणे आहे.

जुनी वाहने भंगारात काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीररीत्या सुरू झाले. शासनाने १ एप्रिल २०२३ पासून आपली स्वतःची पंधरा वर्षांवरील वाहने नोंदणीतून काढण्याचा नियम केला, हेही मान्य. पण सरकारी गाडी गेली की नवी गाडी तिजोरीतून येते. कारकुनाची गाडी गेली तर तिच्या जागी काय येणार? भंगारात काढणाऱ्यास करातील जी सवलत देऊ केली आहे ती नव्या गाडीच्या खरेदीशी जोडलेली आहे. आणि ज्याने आयुष्यात नवी गाडी कधी घेतलीच नाही, त्याच्या दृष्टीने ती सवलत बहुतांशी परस्थ राहते.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नूतनीकरणाचे शुल्क सर्वांस सरसकट न ठेवता धुराच्या मापाशी जोडावे. मर्यादेच्या निम्म्याहून कमी धूर सोडणाऱ्या गाडीस कमी, काठावरच्या गाडीस अधिक आणि मर्यादा ओलांडणारीस वय कितीही असले तरी रस्ता बंद. यात पाच वर्षांची पण दुर्लक्षित गाडीही सापडेल, आणि ती सापडलीच पाहिजे. पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी व्हावी आणि न मोजता प्रमाणपत्र देणाऱ्याचा परवाना जावा. तिसरी गोष्ट कारागिरांची. जुना पंप उघडून जुळविणारे, नोजलचा फवारा पाहून दोष सांगणारे मिस्त्री आता साठीच्या घरात आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो; तेथील विद्यार्थ्यांना या अनुभवी मिस्त्रींच्या हाताखाली काही महिने काम करण्याची सोय झाली, तर विद्याही टिकेल आणि रस्त्यावरचा धूरही कमी होईल.

जुनी डिझेल गाडी एक दिवस जाणारच आहे, आणि ती जाण्यात समाजाचे हितच आहे. घाटावरच्या गावांना रेल्वे मिळाली, एस.टी.च्या फेऱ्या शाळेच्या वेळेशी जुळल्या, तर ती पुष्कळ लवकर जाईल. कारण हौसेने ती बाळगणारे थोडे आणि निरुपायाने बाळगणारे अधिक आहेत. पण तो दिवस येईपर्यंत मालकाने आपल्या गाडीमागून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या तोंडावर काय सोडले जाते, ते एकदा मागे वळून पाहावे. आणि शासनाने आरसी बुकातील तारखेबरोबरच त्या धुराड्याकडेही पाहावे. यंत्र धुराड्याला खरोखर लावले गेले, तर निवृत्त मुख्याध्यापकांच्या वहीला काही अर्थ राहील, आणि शेजारच्या गाडीलाही आपला हिशेब द्यावा लागेल.