आजोबांची बंदूक ‘अँटिक’ म्हणून विकताय? थांबा!

शहापूर-मुरबाडकरांनो, "शंभर वर्षं जुनी आहे, लायसन लागत नाही, रोख घ्या" असं सांगणारा दलाल सरळ खोटं बोलतोय. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५ बघा. सूट फक्त दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला. बार उडू शकतो ना? मग ठासणीची काय नि लिव्हर ओढायची विंचेस्टर काय, लायसन हवंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा विक्रीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप! दलाल पसार होणार, आत जाणार आपला म्हातारा. विकायचीच तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, लायसनवाल्यालाच द्या. पण मी म्हणतो, विकायचीच कशाला? भातसाचं पाणी मुंबईला गेलंच, आता रानडुकरं हाकलायची बंदूकही तिकडच्या दिवाणखान्यात टांगायला द्यायची?