मोजून केलेले विमान

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीची कापणी झाली, की मुलांचे हात धांड्यांकडे वळतात. धांड्याचे कडक साल सोलावे, आतील पांढरा मऊ गाभा काढावा, सालाच्या बारीक काड्या त्यात खोचाव्या आणि सुरेख बैलगाडी तयार करावी, हा खेळ मी लहानपणी पुष्कळ खेळलो आहे. त्या गाडीचे चाक कधी जुवाहून लहान असे, तर कधी साऱ्या गाडीहून मोठे असे. त्याबद्दल आम्हांला कोणी विचारीत नसे आणि आम्हांलाही त्याची खंत वाटत नसे. ते खेळणे होते. खेळण्याकडून आनंदापलीकडे आपण काही मागत नाही.

परंतु खेळणे निराळे आणि प्रतिकृती निराळी. एखादी वस्तू जशी आहे तशीच, केवळ आकाराने लहान, अशी घडविणे म्हणजे प्रतिकृती करणे होय. जुन्या लढाऊ विमानांच्या अशा हुबेहूब प्रतिकृती करण्याचा छंद आज जगभर जोपासला जातो. कित्येकांना तो रिकामपणाचा उद्योग वाटतो. मला तसे वाटत नाही. मुलांच्या मनाला सत्याची सवय लावणारा इतका आनंददायक अभ्यास दुसरा क्वचितच असेल, असे माझे मत आहे. हे मत मला पुस्तकातून मिळाले नाही. ते माझ्याच एका चुकीतून मिळाले. ती चूक पुढे सांगेनच.

प्रथम प्रमाणाचा विचार करू. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण फार प्रचलित आहे. मूळ वस्तूची ७२ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होते. हा ७२ चा आकडा कोठून आला, असे तुम्ही विचाराल. फूट आणि इंच या जुन्या मापांत ६ फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे ६ फूट उंचीचा मनुष्य या प्रमाणात बरोबर १ इंचाचा होतो. आता मिग-२१ हे विमान घ्या. त्याच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे. त्याला ७२ ने भागा. प्रतिकृतीचा विस्तार जवळजवळ १० सेंटिमीटर येईल. तुमच्या तळहातावर मावेल एवढे ते विमान! पण सावध राहा. प्रतिकृतीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर मूळ विमानात ती ३६ सेंटिमीटरांची चूक ठरते. गणिताच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे गुणोत्तर येथे हातात येऊन बसते आणि तुमची परीक्षा घेते.

इतक्या काटेकोरपणाची गरज काय, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने आपल्या देशातील शाळांकडे एक विलक्षण मागणी केली. निरनिराळ्या देशांच्या विमानांच्या पाच लाख प्रतिकृती विद्यार्थ्यांनी लाकडातून घडवून द्याव्यात, अशी ती मागणी होती. प्रमाण हेच, १:७२. त्या प्रतिकृतींना काळा रंग द्यावयाचा होता. कारण उंच आकाशातील विमानाचे रंग दिसत नाहीत, दिसते ती केवळ काळसर आकृती. सैनिकांनी त्या प्रतिकृती पाहून आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखावयास शिकावे, हा त्यामागील हेतू होता. विचार करा, मुलांनो! एखाद्या विद्यार्थ्याने पंखाचे टोक गोल करण्याऐवजी चौकोनी केले असते, तर ती प्रतिकृती पाहून शिकलेला तोफची कदाचित आपल्याच माणसांवर तोफ डागून बसला असता. तेव्हा त्या मुलांच्या हातातील कानस ही केवळ लाकूड घासण्याची वस्तू नव्हती. कोणाच्या तरी प्राणांची जबाबदारी तिच्यावर होती.

आकाराची जी गोष्ट, तीच रंगाची. आपल्या वायुदलाच्या विमानांवरील वर्तुळाकार चिन्हाचा इतिहास पाहा. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ वापिती जातीच्या चार विमानांनिशी त्याचे पहिले पथक उभे राहिले. त्या काळी राज्य इंग्रजांचे असल्यामुळे विमानांवर तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांचे ब्रिटिश वर्तुळ असे. पुढे महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानशी लढण्याचा प्रसंग आला. जपानी विमानांवर तांबड्या सूर्यबिंबाचे चिन्ह होते. आपल्या वर्तुळातील तांबडा ठिपका पाहून घोटाळा होऊ नये, म्हणून त्या आघाडीवरील विमानांच्या चिन्हातून तांबडा रंगच काढून टाकण्यात आला. निळ्याच्या गडद व फिकट छटा तेवढ्या उरल्या. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र आले आणि १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरा व आत हिरवा, असे आपले तिरंगी वर्तुळ झळकू लागले. म्हणजे एका लहानशा वर्तुळात पारतंत्र्य, महायुद्ध, स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक ही सारी प्रकरणे साठविलेली आहेत. प्रतिकृती करणाऱ्याने रंगाचा कुंचला उचलण्यापूर्वी ‘हे विमान कोणत्या साली, कोठे उडत होते?’ असे विचारलेच पाहिजे. त्याला उत्तर शोधावे लागते आणि ते शोधता शोधता तो न कळत इतिहास शिकतो.

आता मी माझ्या चुकीकडे वळतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा आमच्या जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षक होतो. शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरले होते आणि परीक्षणाचे काम माझ्याकडे होते. दोन मुलांनी मिग-२१ विमानाच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. हे विमान मुलांच्या परिचयाचे असणे स्वाभाविक होते. मलकापूर-नांदुऱ्यावरून मुंबईकडे जाणारी आगगाडी ज्या नाशिकवरून जाते, त्या नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना स्थापन झाला आणि मिग-२१ जातीची शेकडो विमाने तेथे तयार झाली. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले हे विमान होते.

पहिली प्रतिकृती रुपेरी रंगाने लखलखत होती. तिच्या पंखांवर सोनेरी रेघा होत्या आणि तिरंगी वर्तुळे मोठी, ठसठशीत काढली होती. दुसरी पुठ्ठा, कागद आणि धांड्यांचा गाभा यांची केलेली. तिचा रंग मळकट हिरवा व तपकिरी. तोही कोठे दाट, तर कोठे पातळ. ती करणारा सातवीतील मुलगा टेबलामागे मुकाट्याने उभा होता. मी त्याला म्हणालो, “रंगकामात घाई केलीस, बाळ.” तो काही बोलला नाही. मी पहिल्या विमानाला पारितोषिक दिले आणि पुढे निघालो.

सायंकाळी टेबले आवरताना त्या मुलाची वही माझ्या हाती आली. पहिल्या पानावर विमानाचे आराखडे होते आणि प्रत्येक मापाखाली ७२ ने केलेला भागाकार होता. पुढच्या पानावर त्याने लिहिले होते, की शेजारच्या गावी राहणाऱ्या, वायुदलातून यंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना तो तीन रविवार जाऊन भेटला होता. त्यांनी त्याला सांगितले, की मिग-२१ विमाने प्रथम उघड्या धातूची, चकचकीत होती. १९७१ चे युद्ध जवळ आले, तेव्हा ती शत्रूला वरून दिसू नयेत म्हणून ज्या त्या तळावर घाईघाईने रंगविण्यात आली. प्रत्येक तळाची तऱ्हा निराळी होती आणि रंग सर्वत्र सारखा बसला नव्हता. त्याखाली त्या मुलाने एकच ओळ लिहिली होती : ‘म्हणून मीही रंग मुद्दाम सारखा लावला नाही.’

ती ओळ वाचून मी खाली बसलो. ज्याला मी घाई समजलो, तो अभ्यास होता. मग मी पारितोषिक मिळालेले विमान पुन्हा हाती घेतले. त्यावरील वर्तुळांत हिरवा रंग बाहेर आणि केशरी आत होता! माझ्या डोळ्यांना चकाकी दिसली. चूक दिसली नाही. आणि सर्वांत मोठा दोष हा, की मी त्या मुलाला ‘असे का केलेस?’ एवढा साधा प्रश्नदेखील विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्वांसमोर माझी चूक सांगितली. पहिल्या मुलाचे पारितोषिक काढून घेणे योग्य नव्हते. परीक्षकाच्या अज्ञानाचे प्रायश्चित्त त्याने का घ्यावे? दुसऱ्या मुलाला मी माझ्याकडून रंगांची पेटी दिली आणि त्याची वही वर्गावर्गांतून वाचून दाखविली. पुढे एके दिवशी मी पाहिले, तो पहिला मुलगा आपल्या मित्राकडून ती वही मागून घेऊन वर्तुळे नव्याने रंगवीत होता. त्या दिवशी दोन्ही विमाने खरी झाली, असे मला वाटले.

या छंदावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप खर्चाचा. बाजारात प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या पेट्या मिळतात. त्या साऱ्यांनाच परवडतात असे नाही. परंतु पुठ्ठा, जुन्या वह्यांचे कागद, डिंक, कात्री, पट्टी आणि साधे रंग यांवरही उत्तम काम होते. पुठ्ठ्याच्या कडा पॉलिश पेपरने हळुवार घासाव्या. फिकट रंग आधी द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मगच गडद रंग द्यावा. आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावे. आणखी एक युक्ती आहे. आमच्या अजिंठ्याच्या रांगेतील डोंगर जवळून हिरवेगार आणि दुरून फिकट निळसर दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. लहान प्रतिकृती म्हणजे दुरून पाहिलेले विमानच. म्हणून मूळ रंगात किंचित पांढरा मिसळला, तर ती अधिक खरी वाटते. या साऱ्याला पैशांहून धीर अधिक लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धाची यंत्रे मुलांच्या हाती का द्यावी, असे काही विचारी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तोंडाने गोळीबाराचा आवाज करीत विमान घरभर फिरविणाऱ्या मुलाला युद्ध म्हणजे गंमत वाटण्याचा धोका आहेच. परंतु जो मुलगा बैठकीच्या आतील एक इंचाची जागा मोजतो, त्याच्या मनात ‘येथे कोण बसत असेल?’ हा विचार आल्यावाचून राहत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर शत्रूची विमाने चालून आली असता, नॅट नावाच्या चिमुकल्या विमानातून उड्डाण करून निर्मलजितसिंग सेखों लढले आणि धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मिळविणारे ते वायुदलाचे एकमेव वीर होत. मिग-२१ च्या दीर्घ सेवेत शत्रूशी लढताना आणि शांततेच्या काळात झालेल्या अपघातांतही अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला युद्धाची हौस वाटत नाही. त्याला त्याची किंमत कळते. खरी प्रतिकृती युद्धाचे गुणगान करीत नाही. ती साक्ष देते.

आणि साक्षीची गरज आता वाढली आहे. १९६३ साली चंदीगड येथे वायुदलात दाखल झालेले मिग-२१ हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच चंदीगडला सेवेतून निवृत्त झाले. बासष्ट वर्षे ज्याने या देशाचे आकाश राखले, ते आता संग्रहालयांत आणि चौथऱ्यांवर उभे राहील. ते उडविणारे आणि दुरुस्त करणारे हात वृद्ध होत आहेत. त्यांतील एखादे आजोबा कदाचित तुमच्याच गावात, एखाद्या ओसरीवर बसलेले असतील. मिग-२१ चा कोणता भाग हाताला कसा लागे आणि कोणता रंग कोठे फिकट पडे, हे त्यांना ठाऊक आहे. ते सारे पुस्तकांत लिहिलेले नाही.

म्हणून माझे तुम्हांला एवढेच सांगणे आहे. एखादे विमान करून पाहा. मोजून करा, विचारून करा आणि जे ठाऊक नसेल ते कल्पनेने रंगवू नका. तेथे थांबा व शोध घ्या. तुमचे विमान कदाचित फारसे लखलखणार नाही, त्याला कदाचित पारितोषिकही मिळणार नाही. परंतु कोणी ‘असे का केलेस?’ म्हणून विचारले, तर तुमच्यापाशी उत्तर असेल. आणि परीक्षक होण्याची वेळ तुमच्यावर आली, तर तो प्रश्न विचारण्यास मात्र माझ्यासारखे विसरू नका.